नागपुरात फुकटचं लाकूड: कोणाकडे मागावं, कोणाकडे नाही

फुकटचं लाकूड पाहिजे म्हटलं की नागपूरचा माणूस पहिलं नाव लकडगंजचं घेतो. म्हणून तिथूनच सुरुवात करते, कारण माझ्या हिशेबात ते सगळ्यात खाली आहे. जागा वाईट नाही, पण तिथं फुकट काहीच नसतं.

आधी मला काय लागतं ते सांगते, म्हणजे माझा कौल कशावर आहे ते कळेल. मी मानेवाड्याकडच्या एका ले-आउटमध्ये राहते. शाळेत विज्ञान शिकवायची, आता निवृत्त. गच्चीवर कुंड्या आणि रंगाच्या रिकाम्या बादल्या, मागच्या आवारात चार वाफे, आणि हिवाळ्यात आंघोळीच्या पाण्याला सासूबाईंच्या वेळचा तांब्याचा बंब. गिझर आहे, पण बंबाच्या पाण्याची सर त्याला नाही. म्हणजे मला मातीवर पसरायला रंध्यानं निघणारी लाकडाची पातळ सालं (झाडाची साल नव्हे) नाहीतर बारीक तुकडे लागतात, बंबाला काटक्या लागतात आणि कधीमधी एखादी धड फळी मिळाली तर आनंदच. वाहन म्हणजे अॅक्टिव्हा. पायाशी एक चुंगडी, म्हणजे पोतं, मागं एक बांधलेली. ज्यांच्याकडे छोटा हत्ती बोलवायची तयारी आहे त्यांचं गणित वेगळं. पण पाचशे-सातशे भाड्यात घातले की त्या लाकडाला फुकट कोणत्या तोंडानं म्हणायचं?

तर लकडगंज. टिंबर मार्ट आणि आरामशिनींचा हा जुना भाग. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान इथल्या बाजारात येतं, आणि नव्या संसद भवनाचं सागवान नागपूरचं अशी बातमी छापून आली तेव्हा आमच्याकडे सगळ्यांची छाती फुगली होती. अशा ठिकाणी लाकडाचा कण वाया जाईल ही आशाच चूक. आरामशिनीवर ओंडका चढला की पहिल्यांदा सालीकडचे गोल कडेचे फळकांडे निघतात. ते हॉटेलच्या भट्टीसाठी तोलून विकले जातात. खाली पडलेला भुसा पोत्यात भरला जातो आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरायला, नाहीतर बॉयलरसाठी दाबून ठोकळे करायला जातो. प्रत्येक ढिगाचा गिऱ्हाईक ठरलेला. मागितलं तर माणसं हसून बोलतात, एखादी थैली भरूनही देतात, पण दुसऱ्या वेळी भाव सांगतात. बरोबरच आहे त्यांचं. शिवाय आरामशिनीचा भुसा फार बारीक असतो. कुंडीवर पसरला की पाण्यानं त्याची पपडी धरते आणि वरचं पाणी बाजूनं वाहून जातं. मातीत कालवला तर तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि मेथी पिवळी पडते. विकत घेऊन हा ताप कशाला?

माझा पहिला नंबर सुतारकाम करणाऱ्या लहान दुकानाला. मोठा कारखाना नको. एक मिस्त्री, दोन पोरं, पुढं टिनाचं शेड, असं दुकान प्रत्येक वस्तीत असतं. माझ्या माहितीतल्या दुकानात अजून चौकटी, चौरंग, देव्हारे असली खऱ्या लाकडाची कामं चालतात. तिथं रंध्याची सालं मिळतात. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "काकू, घेऊन जा नं. रोज संध्याकाळी झाडून बाहेर टाका लागते, नाहीतर शेजारचा दुकानवाला बोंबलते." फुकट मिळण्याचं सगळं मर्म मला त्या एका वाक्यात कळलं. ज्याची वस्तू त्याला अडचण झालेली असते, तोच ती मनापासून देतो. म्हणून मी संध्याकाळी दुकान आवरायच्या वेळी जाते, चुंगडी आणि झाडू घरचा नेते, आणि चांगलं निवडून घाण मागं ठेवत नाही. खालची जमीन साफ दिसली की पुढच्या वेळी पोरगंच आवाज देतं, "मावशी, आज सागाचं हाये."

ही सालं हातात घेऊन पाहण्यासारखी असतात. सागाची साल सोनेरी-तपकिरी, बोटात चुरली की किंचित तेलकट लागते आणि नव्या चामड्यासारखा वास येतो. चांगल्या धारेच्या रंध्याची साल इतकी पातळ की उजेडात धरली तर पलीकडचं दिसतं. ती गोल वळलेली असल्यामुळं कुंडीवर टाकली तरी मध्ये हवा राहते, पाणी आत जातं आणि ऊन वरच अडतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा गच्चीवरच्या कुंडीला दोन वेळचं पाणी एका वेळेवर आणायचं काम हा थर करतो. कुंडीला इंचभर, जमिनीवरच्या वाफ्याला दोन-तीन इंच. खोडाला मात्र चिकटवायचा नाही, तिथं बोटभर जागा मोकळी. सागाची सालं हळू कुजतात. आंब्याच्या नाहीतर निंबाच्या लाकडाची पावसाळ्यातच मातीत जातात. मला दोन्ही चालतात, पण मिरचीच्या कुंडीला मी सागाचं देत नाही. त्याला शास्त्र नाही, माझ्या मनाचा खेळ म्हणा.

या दुकानांचा एकच धोका, तो म्हणजे एमडीएफ. हल्ली अर्धं काम त्याचंच असतं. त्याचा भुसा पिठासारखा बारीक, मातकट रंगाचा, आणि बोटात घेतला तर त्यात रेषा दिसत नाहीत, कारण ते लाकूड मुळात भुसा आणि फॉर्माल्डिहाइडचा डिंक दाबून केलेलं. प्लायवुडचीही तीच गोष्ट. हे बागेतही नको आणि बंबात तर अजिबात नको. एका मोठ्या फर्निचर कारखान्यानं मला तोंड शिवलेली पोती मोठ्या उदारपणे दिली होती. घरी आणून उघडली तर वर चार बोटं लाकडाची सालं आणि खाली सगळं एमडीएफचं पीठ, सनमायकाच्या चिरफाळ्या, स्टेपलच्या पिना आणि वाळलेल्या फेव्हिकॉलचे गोळे. कचरागाडीवाल्याला हात जोडून ती पोती घालवावी लागली. अशा ठिकाणाला शून्य. शिवलेलं पोतं कोणाकडूनच घेऊ नये. जे डोळ्यांसमोर झाडून भरलं तेवढंच आपलं.

दुसरा नंबर झाडांच्या छाटणीचा, आणि मालाच्या मापात पाहिलं तर हाच पहिला. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, तारांना लागणाऱ्या फांद्या कापायला वीज कंपनीची माणसं निघतात. त्या दिवशी लाईन बंद ठेवावी लागते आणि त्याचा मेसेज आधी मोबाईलवर येतो. लोक तो वाचून कूलरच्या काळजीत पडतात. मी चुंगड्या आणि कोयता काढून ठेवते. मेसेज आला म्हणजे छाटणीच असेल असं नाही, पण मे महिन्यात बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो.

इथं एक गोष्ट समजून घ्यावी. मनगटापेक्षा जाड असलेली फांदी ही ती कापणाऱ्या माणसांची. तसा नियम कुठं लिहिलेला नाही, पण जळतण म्हणून तिला पैसे मिळतात आणि उन्हात शिडीवर चढलेल्या माणसाच्या त्या चार पैशांवर आपण नजर ठेवू नये. पाला आणि बोटाएवढ्या काड्या कोणालाच नको असतात. त्या रस्त्याच्या कडेला पडून राहतात, गाई त्यात तोंड घालतात, संध्याकाळी वारं सुटलं की नालीत जातात. मी सरळ सांगते, "भाऊ, जाड तुमचं, बारीक माझं." थंड पाण्याची बाटली आणि चहा द्यावा. मग ते स्वतःच फांद्यांचे हातभर तुकडे पाडून देतात आणि माझ्या कोयत्याचं अर्धं काम वाचतं.

कोणतं झाड आहे ते मात्र पाहून घ्यावं. गुलमोहर आमच्या ले-आउटमध्ये घरटी एक. लाकूड हलकं, ठिसूळ, बंबात टाकलं तर धूर जास्त आणि आच कमी. पण गच्चीवर मोठ्या बादलीच्या खालच्या अर्ध्या भागात गुलमोहराचे तुकडे दाबून भरले आणि वर माती घातली की बादली वजनाला हलकी राहते, स्लॅबवर भार येत नाही, आणि तुकडे कुजत जातात तसं ओलही धरून ठेवतात. दरवर्षी माती खाली बसते, वरून भर घालायची. हे ज्यानं करून पाहिलं तो गुलमोहराला नावं ठेवत नाही. निंबाच्या काड्या सावलीत वाळवून बंबाला झकास. सुबाभळीचा पाला वाफ्यात पुरला की खताचं काम होतं, ती शेंगवर्गातली आहे. मात्र शेंगा वाळलेल्या असतील तर घेऊ नका, पावसाळ्यात वाफाभर सुबाभळीच उगवतील आणि त्या उपटता उपटता कंबर जाईल. बाभूळ, बोर, बोगनवेल यांना मी लांबूनच नमस्कार करते. काटा हातात गेला तर निघतो, अॅक्टिव्हाच्या चाकात गेला तर मेडिकल चौकात पंक्चरवाला शोधत फिरा.

आणि कण्हेर. ती रस्त्याच्या दुभाजकांवर सगळीकडे असते, छाटणीही वारंवार होते, आणि सरळ, गुळगुळीत, एकसारख्या काड्यांचा ढीग पाहून हात शिवशिवतो. घेऊ नये. कण्हेरीचं सगळं झाड विषारी, त्याचा धूरसुद्धा वाईट. त्या काड्यांवर पोरांनी पनीर-शिमला मिरची भाजायला घेतलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि शिक्षकी आवाज तेव्हा कामी आला.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण विचारणारे विचारतात. शहरातलं झाड तोडायला महाराष्ट्रात 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड आपल्या आवारात असलं तरीही. म्हणून मी झाडाला हात लावत नाही, कापून खाली पडलेलंच उचलते. सेमिनरी हिल्स, गोरेवाडा ही वनखात्याची जागा, तिथली वाळकी काडीही आपली नाही. कोणी सागाचा ओंडका फुकट देतो म्हणाला तर खुशाल शंका घ्यावी. सागाच्या वाहतुकीला पास लागतो, आणि सापडलात तर गाडीसकट अडकाल. दुसऱ्या बाजूनं, बागेचा कचरा रस्त्यावर टाकायला किंवा जाळायलाही मनाई आहे. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजारांचा दंड, असं हरित लवादानं 2016 मध्येच ठरवून दिलं. त्यामुळं माळीकाम झाल्यावर फ्लॅट स्कीमच्या सेक्रेटरीला फांद्यांचं काय करावं हा प्रश्न खरोखरच पडलेला असतो. जवळच्या दोन-तीन स्कीमच्या चौकीदाराकडे फोन नंबर देऊन ठेवा. एका स्कीमच्या सेक्रेटरीनं मात्र मला फांद्या नेण्याबद्दल लेखी अर्ज मागितला. त्यांच्या फांद्या अजून गेटपाशीच वाळत आहेत.

वादळानंतरचं लाकूड हा वेगळा प्रकार. मे-जूनच्या धूळवादळात एका रात्रीत झाडं आडवी होतात आणि सकाळी सगळा मोहल्ला मालक होतो. अग्निशमनवाले रस्ता मोकळा करून जातात, मग कोणाच्या दारासमोर काय पडलं यावर बोलाचाली. मी त्यात पडत नाही. तारा तुटलेल्या असू शकतात, चिरलेली फांदी कधी अंगावर येईल सांगता येत नाही. दोन दिवसांनी जे उरतं ते शांतपणे आणावं.

एमआयडीसीतल्या पॅलेटची, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटींची, फार हवा झाली आहे. कोणीतरी पॅलेटचा सोफा केलेला फोटो पाहतो आणि रविवारी हिंगण्याला, बुटीबोरीला निघतो. बाप्पा, तिथं फाटकावरचा गार्ड काहीही देऊ शकत नाही. कारखान्याचं लाकडी भंगार कबाडीला लॉटमध्ये दिलेलं असतं. रंग मारलेलं, कंपनीचं नाव टाकलेलं पॅलेट तर परत जायचं असतं, ते उचलणं म्हणजे चोरीच. ओळखीतून मिळालंच तर आधी त्यावरचा शिक्का वाचा. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि पुढं देशाची अक्षरं असतात. शेवटी एचटी असेल तर ते लाकूड तापवून किडीमुक्त केलेलं, गाभ्यापर्यंत 56 अंशाला अर्धा तास. ते बिनधास्त घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते मी भाजीच्या वाफ्याजवळ ठेवणार नाही आणि बंबात तर घालणारच नाही. तेलाचा, रसायनाचा डाग असेल तर शिक्का वाचायचीही गरज नाही. पाइनचं लाकूड रंधायला मऊ, वासाला छान. पण खिळे पिळाचे असतात. ते काढताना फळीचं टोक फुटतं, म्हणून खिळा उपसत बसण्यापेक्षा दोन फळ्यांच्या फटीत लोखंड कापायची करवत घालून खिळाच कापावा. इतकी मेहनत करून मला धड फळ्या हाताला लागल्या त्या एका रोपांच्या मांडणीपुरत्या. मांडणी झाली छान, पण हे परीक्षण फुकटच्या लाकडाचं आहे, माझ्या मनगटाच्या दुखण्याचं नाही. पाचपैकी दीड.

कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या हंगामात लाकडी पेट्या फुटतात, पण आता प्लॅस्टिकचे क्रेट जास्त, आणि फुटलेल्या पेटीलाही तिथल्या चहावाल्याची चूल असते. खास त्यासाठी जाऊ नये. संत्री घ्यायला गेलात आणि मिळाली तर आणा. पातळ फळ्या असतात, बंब पेटवायला कागदापेक्षा बऱ्या.

महाल-इतवारीत जुने वाडे पडतात तेव्हा लोक सागवानी तुळयांच्या आशेनं जातात. त्या तुळयांचा सौदा वाडा पडायच्या आधीच झालेला असतो. पुढं लिहीत नाही.

शहराबाहेर मात्र एक खजिना आहे, त्याला कोणी लाकूड समजत नाही. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. काटोल, सावनेर, उमरेड, कुठल्याही बाजूनं निघा, कापसाची वेचणी संपली की शेतकऱ्याला पऱ्हाटी उपटून रान मोकळं करायचं असतं. गुलाबी बोंडअळी त्यात दडून पुढच्या हंगामापर्यंत राहते, म्हणून कृषी खातंही पऱ्हाटी शेतात उभी किंवा बांधावर रचून ठेवू नका म्हणून सांगत असतं. गावात चुलीला लागेल तेवढी ठेवून बाकीची बरेचदा जागेवरच पेटवतात. माझ्या नणंदेच्या दिराकडे शेती आहे. ते म्हणतात, "वहिनी, ट्रॅक्टर भरून न्या, पण लवकर न्या." मी कार असेल तेव्हा डिकीत बसेल तेवढी आणते. बंबाला पऱ्हाटीसारखं जळतण नाही. चटकन पेटते, धूर कमी, राख पांढरी. आणि तिच्या जाळावर भाजलेल्या वांग्याच्या भरताबद्दल मी इथं लिहायला लागले तर लाकूड राहील बाजूला. फक्त वाळलेली बोंडं आधी तोडून बंबातच जाळून टाका. अळी भेंडीवरही येते, आणि गच्चीवर भेंडी असते. ज्यांची स्वतःची कापसाची शेती जवळ आहे त्यांनी पऱ्हाटी घरी साठवूच नये.

साठवण्यावरून आठवलं. आणलेलं लाकूड भिंतीला टेकवून ठेवलं की महिन्याभरात उधई, म्हणजे वाळवी, भिंतीतून वर चढते. खाली विटा, वर टिन, भिंतीपासून वीतभर लांब. मी विटांच्या भोवती राखेची रेघ ओढते, म्हणजे उधईनं मातीचा बोगदा बांधला की तो लगेच दिसतो आणि मोडता येतो. सालांची पोती मात्र तोंड उघडं ठेवून सावलीत. ओल्या सालांच्या पोत्याचं तोंड बांधलं तर आत ती तापतात आणि आंबट वास धरतात.

आणि फाल्गुनात रस्त्याच्या बाजूला काहीही ठेवू नका. होळीच्या आधी पंधरा दिवस मोहल्ल्यातल्या पोरांची जी नजर असते ती इतर वेळी अभ्यासात दिसत नाही. रात्री रचलेल्या फांद्या सकाळी नाहीत, आणि विचारायला जावं तर सगळे माझेच विद्यार्थी, "नाही मॅडम, आम्हाला तर माहीतच नाही." आता मी त्यांना आधीच बोलावून, मी न उचललेले बाभळीचे आणि बोगनवेलीचे ढीग कुठं पडलेत ते दाखवून देते. मिस्त्रींच्या दुकानातल्या सालांना मात्र ते हात लावत नाहीत, भुर्रकन जळून जातात म्हणे.